धारेची वेळ आणि बहिणीचं लग्न

सीनाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहीत नाही. आज अडलंय म्हणून लिहितेय.

मोहोळ तालुक्यात सीनेच्या जवळ आमचं चार एकर रान आहे आणि वस्ती रानातच. माणसं पाच : आत्या (म्हणजे सासूबाई), हे, मी आणि दोन पोरं. जनावरं माणसांपेक्षा जास्त. हौशी नावाची पंढरपुरी म्हैस, दुसरी एक मुऱ्हा-गावठी, एक जर्शी गाय, एक रेडी, एक कालवड, चार उस्मानाबादी शेळ्या आणि त्यांची करडं. कोंबड्या काल चौदा होत्या, आज तेरा आहेत. मुंगूस. दीड एकर ज्वारी, एकरभर ऊस, अर्धा एकर कांदा, बाकी मका, घास, कडवळ (हिरव्या वैरणीची ज्वारी), आणि घरामागं दोन गुंठ्यांची परसबाग.

अडचण अशी की २८ तारखेला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे, नाशिकला. हळदीला मी पाहिजेच. म्हणजे तीन रात्री बाहेर. लग्न होऊन सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत मी सलग दोन रात्रीसुद्धा वस्ती सोडलेली नाही. बाळंतपणाला गेले होते तेवढंच, तेव्हा आत्यांचे हात धड होते.

आता आत्यांच्या बोटांना मुंग्या येतात, गुडघे वाकत नाहीत. गाय आणि दुसरी म्हैस हे पिळतात. प्रश्न हौशीचा आहे. तिचं रेडकू बारा दिवसांचं असताना हगवणीनं गेलं. तेव्हापासून ती फक्त माझ्या हाताला पान्हा सोडते. दुसरं कुणी खाली बसलं की आधी श्वास रोखते, मग मान मागं वळवते. पंढरपुरीची शिंगं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल. तलवारीसारखी खांद्याच्या मागंपर्यंत गेलेली असतात. तिनं नुसतं "कोण हाय" म्हणून वळून बघितलं तरी शिंगाचं टोक पिळणाऱ्याच्या कानाशी येतं. ह्यांच्या कानामागं वळ आहे, त्यामुळं ते आता बसतच नाहीत.

सकाळी चार, संध्याकाळी तीन लिटर देते. तीन दिवस न पिळता ठेवायची म्हणजे कास दगड होणार. तुमच्यापैकी ज्यांच्याकडं दुभती जनावरं आहेत, ते गावाला जाताना काय करता?

---

कडक_भाकरी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ह्यांना तुमची साडी नेसवा.

चेष्टा करत नाही. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी माहेरी गेली तेव्हा वडिलांनी तिचं नेसतं लुगडं अंगावर गुंडाळून म्हैस पिळली होती. पहिल्या दिवशी निम्मं दूध निघालं. तिसऱ्या दिवशी पूर्ण. चौथ्या दिवशी बघायला अख्खी गल्ली जमली आणि म्हशीनं लाथ मारली, तो भाग वेगळा.

---

बार्शीचा_मी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२२

ताई, दूध काढायचं मशीन घ्या. एका बादलीचं येतं, दोन-तीन जनावरांना पुरतं. आमच्याकडं पाच एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, अर्ध्या तासात काम. माणूस कोण आहे ह्याचं गाईला काही पडलेलं नसतं.

---

सीनाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

@बार्शीचा_मी, दादा, पाच एचएफना परवडतं. माझ्या अडीच जनावरांना मशीन म्हणजे शेळीला हौदा. त्यात आमच्या वस्तीवर सकाळची लाईट कधी सहाला येते, कधी सातला. दुधाची गाडी साडेसहाला फाट्यावरून निघते. आणि मशीनच्या आवाजानं हौशी दावं तोडून थेट अनगरला जाईल.

@कडक_भाकरी, हे वाचून ह्यांनी फोन काढून घेतला होता माझा.

---

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

साडीचा विनोद अगदीच विनोद नाही. वास, आवाज, बसण्याची बाजू, बादलीचा खडखडाट, या सगळ्याची म्हशीला सवय लागते आणि त्यावरच पान्हा येतो.

आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. गाईच्या कासेत धारेआधीच सुमारे पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत उतरून बसलेलं असतं. अनोळखी माणूस बसला तरी तेवढं निघतंच. म्हशीच्या बाबतीत हा हिस्सा जेमतेम विसावा. बाकी सगळं दूध वर, बारीक पिशव्यांमध्ये. सड चोळले, ओळखीचा हात लागला, आंबोण (भिजवलेली पेंड-भुस्सा) समोर आलं की मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटतं, त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. त्याचा जोर रक्तात पाच-सात मिनिटंच टिकतो. जनावर घाबरलं, बिचकलं, की दुसरा रस सुटतो आणि हे सगळं तिथंच थांबतं. आपण म्हणतो "म्हशीनं पान्हा चोरला". ती काही चोरत नाही. तिच्या हातात नसतं ते.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कुणीतरी येऊन पान्ह्याचं इंजेक्शन सुचवेल. ते देऊ नका. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे, आणि एकदा सवय लागली की म्हैस त्याशिवाय पान्हाच सोडत नाही.

तुमच्या हातात पंधरा दिवस आहेत, पुष्कळ झाले. पहिले चार दिवस यजमानांनी फक्त आंबोण ठेवायचं आणि तिच्या मानेला खाजवत उभं राहायचं, पिळायचं तुम्हीच. पुढचे चार दिवस तुम्ही सुरुवात करायची, पान्हा आला की अर्ध्यात उठायचं आणि त्यांनी बसायचं, त्याच बाजूनं, त्याच पाटावर. मग कास धुणं त्यांनी, पिळणं त्यांनी, तुम्ही फक्त समोर दिसायचं. शेवटचे दोन-तीन दिवस तुम्ही घरातून बाहेरच यायचं नाही.

पिळताना पूर्ण मूठ वापरायला सांगा. आपल्याकडं पुरुष अंगठा दुमडून सड ओढतात, त्यानं सडाला आतून इजा होते आणि जनावराला दुखतं. हौशीचा राग कदाचित त्या अंगठ्यावरच असेल. आणि धार झाल्यावर लगेच बसू देऊ नका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. तोवर पुढ्यात वैरण टाकून उभी ठेवा. दगडी (कासेची सूज) टाळायचा याहून स्वस्त उपाय मला नोकरीत सापडला नाही.

---

सीनाकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

डॉक्टरकाका, अंगठ्याचं एकदम बरोबर निघालं. आज सकाळी ह्यांना गाईखाली बसवून बघितलं, दोन्ही हातांचे अंगठे दुमडलेले. गाय गरीब म्हणून सोसते.

आजपासून आंबोण त्यांच्याकडं. सकाळी हौशी खात होती पण एक डोळा बाजूला काढून त्यांच्याकडं बघत होती.

---

सध्या_पुण्यात | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१०

किती छान आयुष्य आहे तुमचं! मी हिंजवडीत आहे, गाव माढा तालुक्यात. वडिलोपार्जित तीन एकर पडून आहे. दोन म्हशी, थोड्या कोंबड्या, सेंद्रिय भाजी, असं काही सुरू करावं असं फार वाटतं. साधारण किती सुटतात महिन्याला? आणि वेळ किती द्यावा लागतो? शनिवार-रविवार येऊन जमेल का?

---

कडक_भाकरी | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१४

शनिवार-रविवार दूध देणारी म्हैस मिळाली की आम्हालाबी दोन सांगा.

---

सीनाकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

@सध्या_पुण्यात, चिडवतात ते, मनावर घेऊ नका. हिशेब सांगते, आमच्या वहीतला आहे.

दोन्ही म्हशींचं मिळून साडेबारा लिटर. दीड घरात राहतं (चहा, दही, आत्यांचं ताक). अकरा लिटर डेअरीला जातं, फॅट चांगली लागली तर पन्नासच्या आसपास. गाईचं अकरा लिटर, तेहेतीस रुपयांनी. दिवसाला नऊशेच्या जवळ. दहा दिवसाला पगार होतो, तो नऊ हजार. त्यातून गोळी पेंड, सरकी, भुस्सा, मिनरल मिक्श्चर, कधी डॉक्टर, असे साडेचार हजार जातात. म्हणजे महिन्याला तेरा-चौदा हजार हातात. वैरण घरची धरलीय आणि माझी मजुरी धरलेली नाही. जनावरं आटली की यातलंच निम्मं. गाभण म्हैस दहा महिने वाट बघायला लावते आणि खाणं काही कमी करत नाही.

पण एक सांगते. उसाचं बिल वर्षातनं एकदा येतं, तेही कधी येईल ते कारखान्याला माहीत. कांदा काय भावानं जाईल ते सोलापूरच्या मार्केटात पिशवी उतरल्यावरच कळतं. पोरांची फी, किराणा, आत्यांच्या गोळ्या, हे सगळं गोठ्यानं चालवलंय. आणि चार ट्रॉल्या शेणखत, ते कुणी मोजतच नाही.

वेळेचं म्हणाल तर पावणेपाचला उठते. शेण काढणं, झाडणं, आंबोण, धारा. सहाला किटली घेऊन हे फाट्यावर. मग पोरांचे डबे. नऊला शेळ्या सोडणं. दुपारी वैरण कापून कुट्टी. चारला परत शेण, पाचला परत धारा. मधल्या वेळेत शेती करतो आम्ही.

---

सांगोला_भगवा | १३ नोव्हेंबर, रात्री ९.४५

म्हणून मी दुभतं ठेवलं नाही. आमच्याकडं डाळिंब. बागेला पाणी तोडून ताण दिला की बाग दोन महिने गप बसते. म्हशीला ताण देता येत नाही.

अर्थात तेलकट डाग आला की बाग असली गप बसते की पुन्हा बोलतच नाही. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. त्यानंतर माझी अर्धी बाग मर रोगानं काढून टाकावी लागली. आता दारात एक खिलार गाय आहे, तिच्या वासरापुरतंच दूध देते. कुणाचीच कटकट नाही.

---

मालदांडी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मानांकन मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही त्याच साली मिळालंय, हे सांगोलकर कधी सांगत नाहीत.

मी वेगळ्या कारणासाठी लिहितोय. ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये कडवळ आहे. ताई, किती दिवसांचं आहे? तुम्ही तीन दिवस नसणार, यजमान घाईत असणार, आणि घाईत माणूस जवळचं कापून टाकतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस ओढला होता. आमचं कडवळ गुडघ्याएवढं येऊन थांबलं, पानं सुरळीसारखी वळलेली. पुतण्यानं दुपारी एक भारा कापून जर्शीच्या पुढं टाकला. ती सकाळपासून उपाशी होती. मी हौदावर पाणी भरत होतो. वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील, मागून धप्प आवाज आला. गाय आडवी, तोंड उघडं, फेस, श्वास भात्यासारखा. डोळ्याची पापणी उलटून बघितली तर आतून लालभडक. मला वाटलं साप चावला. शेजारच्या म्हाताऱ्यानं पुढ्यातली वैरण उचलून बघितली आणि म्हणाला, कडवळ लागलं.

डॉक्टर सहा किलोमीटरवर होते म्हणून वाचली. शिरेतून औषध दिलं, तासाभरात उठून बसली. त्या दिवशी डॉक्टर लसीकरणाला लांबच्या गावी गेले असते तर मी आज हे लिहिलं नसतं. त्या दिवसापासून आमच्याकडं फुलोऱ्याशिवाय कडवळाला विळा लागत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

फार महत्त्वाचं लिहिलंत. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेलं की त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. पाण्याचा ताण बसलेलं, खुरटलेलं पीक आणि कापणीनंतर आलेले फुटवे जास्त धोक्याचे. रक्तात प्राणवायू असतो पण पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून पापणी आतून लाल दिसते. उतारा आहे, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट, पण तो शिरेतून आणि लगेच द्यावा लागतो. घरगुती उपाय करत बसू नका. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. नीट वाळलेल्या कडब्याला हा धोका नाही, फुलोऱ्यानंतरच्या ज्वारीला जवळपास नाही.

---

सीनाकाठ | १४ नोव्हेंबर, दुपारी २.००

अंगावर काटा आला. आमचं कडवळ बेचाळीस दिवसांचं आहे, आणि हे खरंच म्हणाले होते, "तू नसलीस तर मागच्या पट्टीतलं कापून टाकीन." पट्टीला आता चिंधी बांधलीय. जायच्या आधी तीन दिवसांची मक्याची कुट्टी आणि कडब्याच्या पेंढ्या काढून ठेवते. नंबर लिहिला भिंतीवर. पोरानं शेजारी म्हशीचं चित्र काढलंय, शिंगं छताला लागलीत.

आता मुंगसाचं कुणीतरी सांगा. आज बारा राहिल्या.

---

परसातली_आजी | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

मी अक्कलकोटकडची. घरात कन्नड, बाहेर मराठी, मोबाईलवर नातीची मदत. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुंगूस खालून उकरून येतं, रानमांजर वरून. खुराड्याच्या कडेनं वीतभर चर खणा, जाळी त्यात खाली उतरवा आणि दगड भरून चोपून टाका. नुसती जाळी जमिनीला टेकवून उपयोग नाही. दार पूर्वेला असेल तर बरं, पण कडी आधी बघा. आमच्या कडीचा खिळा ढिला होता, त्यात नऊ पक्षी गेले. दोष मुंगसाला दिला महिनाभर.

एखादी कोंबडी खुडूक बसली असेल तर आत्ताच अंडी घालून बसवा, थंडीत पिलं चांगली निघतात. दहा-बाराच्या वर घालू नका, पोटाखाली मावत नाहीत. आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नुसतं पिवळं उजळलं तर काढा. एकविसाव्या दिवशी आपोआप आवाज येतो.

परसबाग कशी आहे ते सांगितलंच नाही तुम्ही. मला त्यातच रस आहे.

---

सीनाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आजी, परसबाग आत्यांची आहे. मी फक्त पाणी वाहते. मोरीचं पाणी एका पाटानं आधी केळीला, केळीतून आळूला, आळूतून उरलं तर कढीपत्त्याला. विहिरीचं पाणी तिथं द्यायचं नाही असा त्यांचा नियम आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या, आईबरोबर खडी फोडायला गेल्या होत्या. त्यांच्यासमोर कुणी नळ उघडा सोडू शकत नाही.

आत्ता वाल, पावटा, अंबाडी, चाकवत, मेथी, लसूण, चार वांगी आणि दोन शेवगे आहेत. वालावर मावा आलाय.

---

परसातली_आजी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.००

तुमच्या आत्या माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांना माझा नमस्कार सांगा. खडी मीही फोडलीय, आणि सुकडी खाल्लीय.

माव्यावर सकाळी दवात चुलीची राख चाळून टाका. नाही हटला तर लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, उन्हं उतरल्यावर फवारा. चमचाभर साबण घातला की पानाला धरतं. अंबाडी खुडत राहा, नाहीतर लगेच बोंडं धरते. येळवसला (वेळ अमावस्येला) भज्जीत घालायला ती लागतेच. तुमच्याकडं मोहोळला येळवस करतात का? आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात, आंबील आणि उंडे घेऊन.

---

माळढोकाचा_शेजारी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

मुंगूस परवडलं. आम्ही नान्नजकडचे. अभयारण्य माळढोकाचं, माळढोक दिसायची मारामार, आणि काळवीट मात्र रोज पहाटे कळपानं ज्वारीत. हाकलायला गेलं की दहा पावलं पळतात, थांबतात, वळून बघतात आणि परत खायला लागतात. कुत्र्यानं तर आता त्यांच्याकडं बघणंच सोडलंय.

मूळ प्रश्नावर : वारंगुळा का करत नाही? आमच्या वस्तीवर तीन घरं आहेत. एक घर गावाला गेलं की दुसरं धारा काढतं. पैसे नाहीत, फक्त त्या दिवसाचं दूध ज्यानं पिळलं त्याचं. शेजारी कुणी बाईमाणूस नाही का?

---

सीनाकाठ | १५ नोव्हेंबर, रात्री ९.५५

आहे. हाच तर घोळ आहे.

बांधापलीकडं चुलत जाऊ राहते. हात असा आहे तिचा की कुठलंही जनावर उभं राहील. हौशी मुळात तिच्याच माहेरच्या गावाहून आणलेली, तिच्याच ओळखीनं, कार्तिकीच्या बाजारात. पण दोन वर्षांपूर्वी बांधावरनं वाजलं. मोजणी झाली, दीड फूट कुणाचं कुणाकडं गेलं त्यावरनं भावाभावांत बोलणं बंद झालं, आणि त्यांच्याबरोबर आमचंही. ती पहाटे तिच्या गोठ्यात, मी माझ्या. मध्ये पन्नास पावलं. तिच्या बादलीत पहिली धार पडल्याचा आवाज मला येतो, माझा तिला जात असणार. बोलत मात्र नाही.

आधी हौशीच्या धारेला काही अडलं की तीच यायची. हे कसं मागायचं आता?

---

बार्शीचा_मी | १५ नोव्हेंबर, रात्री १०.१०

ताई, मशीनपेक्षा हे स्वस्त आहे. जाऊन बोला.

---

कडक_भाकरी | १५ नोव्हेंबर, रात्री १०.१२

बाई बाईशी बोलली तर मोजणीचे कागद फाटत नाहीत. पण भावांना विचारून जाऊ नका. विचारलं की नाही म्हणावंच लागतं पुरुषाला.

---

सांगोला_भगवा | १५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी उलट सांगेन. गरजेपुरतं जाऊन बोललं की समोरच्याला ते कायम लक्षात राहतं. यजमानांना तयार करा, डॉक्टरांनी रस्ता दिलाय. दुसऱ्याच्या उपकारात म्हैस बांधू नये.

---

सीनाकाठ | २२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

प्रगती : आज दहावा दिवस. काल ह्यांनी हौशीखाली बसून दोन लिटर काढलं. आज सकाळी सव्वादोन, आणि त्यातलं दीड जमिनीवर, कारण शेवटी तिनं पाय उचलला. बादली गव्हाणीपर्यंत गेली. हे काही बोलले नाहीत. रिकामी बादली उचलली, धुतली, जागेवर ठेवली आणि विहिरीकडं निघून गेले. मलाच वाईट वाटलं.

खुराड्याला चर खणला. बाराच्या बारा आहेत.

---

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त | २३ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

दहा दिवसांत दोन लिटर म्हणजे चांगलं आहे. पाय उचलला तो शेवटी, म्हणजे बहुतेक रिकामा सड ओढला. पान्हा संपल्यावर थांबायला सांगा. आणि त्यांना म्हणावं, बादली लाथाडणारी म्हैस बरी, सुजलेली कास वाईट.

---

सीनाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९.१५

आले परत. लग्न छान झालं, बहीण रडली, मी नाही. मला सारखं घड्याळ दिसत होतं. हळदीला गाणी चालू होती आणि पाच वाजले तसे माझे हात आपोआप आवळायला लागले.

इकडं काय झालं ते सांगते. मी गेले त्या दिवशी संध्याकाळी हे बसले. हौशीनं अर्धा लिटरही दिलं नाही. मी समोर असताना देत होती, मी दिसेना म्हटल्यावर संपलं. साडेसहा वाजले, अंधार पडला, कास टम्म. हे काही बोलायच्या आत आत्या काठी टेकत बांधापर्यंत गेल्या. मला वाटलं होतं त्या कधी जाणार नाहीत, कारण मोजणीच्या दिवशी सगळ्यात जास्त त्याच बोलल्या होत्या. तिथनं ओरडल्या, "अगं ए, हौशी अडलीय."

एवढंच. नाव नाही, ये नाही, विनंती नाही.

पलीकडं थोडा वेळ काही आवाज नव्हता म्हणे. मग बॅटरी हलली. जाऊ आली, हात धुतले, ह्यांच्याकडं न बघता पाट ओढला. आत्या म्हणाल्या, "यायला पाय जड नाही ना झाले?" तर म्हणाली, "म्हशीशी कुठं भांडण हाय आमचं."

पहिल्या संध्याकाळी दीड लिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन. तिसऱ्या दिवशी चारच्या चार. दूध तिनं नेलं नाही. आत्यांनी किटली तिच्या दारात नेऊन ठेवली, सकाळी ती धुऊन आमच्या दारात होती. अजून तसंच चाललंय, एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. भाऊ अजून बोलत नाहीत. काल दोघं एकाच वेळी फाट्यावर किटली घेऊन उभे होते, एक पूर्वेकडं बघत, एक पश्चिमेकडं.

आणि मी आल्यावर पहिल्या सकाळी हौशीखाली बसले, तर बाईनं मलाच पान्हा चोरला. दहा मिनिटं नुसती उभी. शेवटी आंबोणात गूळ घालावा लागला.

---

माळढोकाचा_शेजारी | ३ डिसेंबर, रात्री ९.३०

वारंगुळा झाला म्हणायचा. आता तुमची पाळी कधी?

---

सीनाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९.४४

जानेवारीत. तिला पोरांना घेऊन सोलापूरला गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) जायचंय, नंदीध्वजाची मिरवणूक बघायला, दोन रात्री बहिणीकडं मुक्काम. हे मला थेट नाही सांगितलं. आत्यांना सांगितलं, मोठ्यानं, मला ऐकू येईल असं. तिची एक म्हैस मारकी आहे, आजपासूनच जाऊन तिच्या मानेला खाजवायला सुरुवात केलीय.

---

परसातली_आजी | ४ डिसेंबर, सकाळी ८.१०

माव्याचं काय झालं?

---

सीनाकाठ | ४ डिसेंबर, दुपारी १.२०

गेला, आजी. राखेनंच गेला. वालाच्या शेंगा भरल्यात, आत्यांनी तुमच्यासाठी बियाणं बाजूला ठेवायला सांगितलंय. एक खुडूक बसलीय अकरा अंड्यांवर, उद्या आठवा दिवस, बॅटरी लावून बघते.

---

कडक_भाकरी | ४ डिसेंबर, दुपारी १.२५

सगळं सांगितलंत, साडीचं काय झालं ते सांगितलं नाही.

---

सीनाकाठ | ४ डिसेंबर, दुपारी १.४०

नेसले नव्हते. पहिल्या संध्याकाळी नुसती खांद्यावर टाकली होती. आत्यांनी सांगितलं, हे अजून नाही म्हणतात. फोटो नाही, मागू नका.